छापील कागदाची साक्ष

कोल्हापुराहून गारगोटीच्या रस्त्याने निघाले की कळंबा लागतो. एकेकाळी करवीर नगरीची तहान भागविणारा तलाव येथेच आहे आणि मध्यवर्ती कारागृहाची उंच भिंतही येथेच आहे. पूर्वी या वाटेवर उसाचे मळे लागत. आता मळ्यांचे गुंठे झाले, गुंठ्यांचे प्लॉट झाले आणि प्लॉटांवर घरे उभी राहिली. ही घरे विटांची व सिमेंटाची दिसतात खरी, परंतु त्यांचा खरा पाया कागदाचा आहे. खरेदीखत, सात-बाराचा उतारा, मृत्युपत्र, वाटणीपत्र, यांपैकी एखादा कागद डळमळला की घर डळमळते.

अशी कल्पना करा, की कळंब्यात एक कुटुंब तीस वर्षे राहत आहे. एके दिवशी एक गृहस्थ दारात येतो व एक जुना कागद पुढे करतो. कागद पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. माथ्यावर कोल्हापूर संस्थानाचा स्टँप, खाली छापील मजकूर, मधल्या रिकाम्या जागा हाताने भरलेल्या, शेवटी सही आणि तारीख १९३८ सालातील. कागदाचा अर्थ असा, की ही जमीन त्या गृहस्थाच्या आजोबांनी कधीच विकत घेतलेली होती. सही करणारा हयात नाही, साक्षीदार हयात नाहीत. आता बोलायला उरला तो एकटा कागदच. त्याला बोलते कसे करावयाचे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. हा कागद खोटा असून खरा ठरला तर एक कुटुंब उघड्यावर येईल, आणि तो खरा असून खोटा ठरला तर दुसऱ्या एका निरपराध मनुष्यावर बनावटीचा डाग बसेल. परीक्षकाच्या भिंगाखाली दोन्ही घरे असतात.

कोल्हापूरकरांना बनावट कागदाचे मोल नव्याने सांगावयास नको. चौथ्या शिवाजी महाराजांना दिवाण बर्वे यांच्याकडून मिळणाऱ्या वागणुकीविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी टीकेची झोड उठविली होती. त्या प्रकरणात बर्व्यांची म्हणून जी पत्रे पुढे आली ती न्यायालयात बनावट ठरली, आणि १८८२ च्या जुलै महिन्यात टिळक व आगरकर या दोघांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. बुद्धीने आणि हेतूने निर्मळ अशा दोन तरुणांना कागदाने फसविले. त्या वेळी हिंदुस्थानात सरकारी दस्तऐवज-परीक्षक असा कोणी नव्हताच. हार्डलेस नावाच्या गृहस्थांना बंगाल सरकारने हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून नेमले ते १९०४ साली. पुढे ते कार्यालय सिमल्यास गेले. आपल्याकडे आज हे काम पुण्यास राज्य गुन्हे अन्वेषण विभागातील दस्तऐवज-परीक्षक पाहतात.

हस्ताक्षराची परीक्षा हा एक स्वतंत्र विषय आहे आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. छापील अक्षराकडे मात्र आपण संशयाने पाहतच नाही. छापलेले ते खरे, असा आपल्या मनाचा जुना संस्कार आहे. पण छपाईलाही हस्ताक्षर असते. कोणत्या रीतीने, कोणत्या यंत्रावर, कोणत्या शाईने व कोणत्या कागदावर ती झाली, हे ती स्वतःच सांगते. फक्त तिला योग्य उजेडात धरावे लागते.

आपल्या १९३८ च्या कागदाकडे वळू. परीक्षक पहिल्याने कोणतेही मोठे यंत्र घेत नाही. साधे दहापट मोठे दाखविणारे भिंग घेतो. १९३८ साली एखाद्या खेड्यातील वा शहरातील छापखान्यात असा नमुना छापावयाचा म्हणजे शिशाचे खिळे जुळवून छापावयाचा. उंचवट्याच्या खिळ्यावर शाई लागते व तो कागदावर दाबला जातो. दाबाने शाई अक्षराच्या मध्यापासून कडेकडे ढकलली जाते, म्हणून भिंगाखाली अक्षराच्या काठावर गडद शाईची किनार दिसते. कागद उलटा करून बोट फिरविले तर कित्येकदा अक्षराचा उठाव बोटाला लागतो. शिळाछापाच्या कुळातील ऑफसेट छपाईत दाबाची ही खूण नसते. तेथे शाई सपाट व सारखी बसते. लेझर यंत्राची छपाई आणखी निराळी. तिच्यात शाईच नसते. टोनर नावाची बारीक काळी भुकटी उष्णतेने वितळवून कागदावर चिकटविलेली असते, म्हणून ती किंचित चकाकते आणि अक्षराभोवती भुकटीचे चुकार कण विखुरलेले आढळतात. इंकजेट यंत्र शाईचे सूक्ष्म थेंब उडविते. ते थेंब कागदाच्या तंतूंतून पसरतात व अक्षराची कड कातरल्यासारखी दिसते. १९३८ च्या कागदावर टोनरचे कण दिसले, तर पुढची परीक्षा करण्याचे कारणच उरत नाही.

देवनागरीच्या बाबतीत आपणास आणखी एक साधन आहे, आणि ते रोमन लिपीच्या परीक्षकाला नाही. ते म्हणजे शिरोरेघ. हाताने जुळविलेल्या खिळ्यांत प्रत्येक खिळ्यावर शिरोरेघेचा आपापला तुकडा असतो. जुळाऱ्याने खिळे कितीही घट्ट बसविले, तरी झिजलेल्या खिळ्यांच्या सांध्यात केसाएवढी फट राहते, किंवा एक तुकडा दुसऱ्याहून किंचित वर-खाली होतो. साध्या डोळ्याला सलग वाटणारी रेघ भिंगाखाली तुकड्या-तुकड्यांची दिसते. संगणकावर जुळविलेल्या अक्षरांत हे सांधे तसे नसतात. त्याशिवाय खिळे वापराने जखमी होतात. एखाद्या ‘म’ची गाठ तुटते, एखाद्या ‘र’च्या शेपटीला खाच पडते. असा घायाळ खिळा त्याच छापखान्यातून त्याच सुमारास निघालेल्या दुसऱ्या कागदावरही सापडला, तर तो ओळखीच्या माणसासारखा भेटतो. टंकलेखन यंत्राविषयीही हेच खरे. त्याचे एखादे अक्षर नेहमी डावीकडे कलते, एखादे ओळीखाली उतरते, आणि या सवयी बनावट करणाऱ्याला ठाऊकही नसतात.

माथ्यावरचा स्टँप आता पाहू. अस्सल मुद्रांकाची नक्षी ही रेषांची असते. रेषा एकाच रंगाच्या शाईने अखंड छापलेली असते. बनावट करणारा बहुधा अस्सल कागदाचे यंत्राने चित्र घेतो व रंगीत यंत्रावर ते छापतो. त्या यंत्राजवळ हिरवी किंवा तपकिरी शाई नसतेच. त्याच्याजवळ निळी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चारच शाया असतात आणि त्यांच्या ठिपक्यांची गर्दी करून ते हव्या त्या रंगाचा भास निर्माण करते. दूरून जी तपकिरी रेघ दिसते, तिच्यावर भिंग धरताच रांगोळीचे रंगीबेरंगी ठिपके सांडल्यासारखे दिसतात. चार-पाच रुपयांच्या वस्तूवरील वेष्टनाचे चित्र घरी भिंगाखाली धरून पाहावे, म्हणजे ठिपके कसे असतात ते ध्यानात येईल. मग नोटेवरील बारीक रेषा पाहावी. दोहोंतील भेद एकदा पाहिला की विसरत नाही.

येथे एक गमतीची गोष्ट सांगतो. काही रंगीत लेझर यंत्रे आपण छापतो त्या प्रत्येक पानावर, न विचारता, अतिशय बारीक पिवळ्या ठिपक्यांची एक जाळी उमटवितात. पांढऱ्यावर पिवळे, म्हणून डोळ्यांना ते दिसत नाहीत. निळ्या उजेडात मात्र पिवळा रंग काळा भासतो व जाळी उघडी पडते. २००५ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी अशा एका यंत्राच्या जाळीची भाषा उलगडली. तिच्यात यंत्राचा अनुक्रमांक आणि छपाईची तारीख व वेळ लिहिलेली होती. म्हणजे बनावट करणाऱ्याने कागदावर १९३८ घालावे आणि यंत्राने त्याच कागदावर खरी तारीख गुपचूप घालावी! नागरिकाच्या खाजगीपणाच्या दृष्टीने हे बरे की वाईट, याविषयी मतभेद आहेत आणि ते असावेत.

एवढ्याने बनावट उघडी पडली तर ठीक. परंतु चतुर माणूस नवा कागद छापीत नाही. तो जुना, कोरा राहिलेला अस्सल स्टँप कागद कोठून तरी मिळवितो व त्यावर नवा मजकूर लिहितो. आता भिंगाने पाहून भागत नाही, उजेड बदलावा लागतो.

उजेड तीन प्रकारांनी बदलता येतो. पहिल्या प्रकारात त्याची दिशा बदलावयाची. कागदाच्या पाठीमागून उजेड आणला की जलचिन्ह दिसते आणि जेथे खरवडून अक्षर काढले असेल तेथे कागद पातळ झाल्यामुळे फिकट डाग दिसतो. कागदाच्या पातळीला जवळजवळ समांतर, अगदी तिरपा उजेड टाकला की कागदाचे पठार न राहता डोंगर-दऱ्या होतात. मावळतीच्या उन्हात शेतातील सऱ्या जशा लांब सावल्या टाकून उठून दिसतात, तसे दाबाचे प्रत्येक चिन्ह उठून दिसते. एका पानावर लिहिताना खालच्या पानावर उमटलेला दाब याच उजेडात वाचता येतो. घडीचा निकालही अशाच रीतीने लागतो. कागद घडी पडण्यापूर्वी लिहिला असेल तर शाईची रेघ घडीवर नुसती तुटते, पण घडी पडल्यावर लिहिला असेल तर घडीवरील मोडलेल्या तंतूंत शाई पसरते. ‘१९३८ साली लिहिला, नंतर वर्षानुवर्षे घडी करून पेटीत ठेवला’ असे म्हणणाऱ्याच्या कागदावर शाई जर घडीच्या भेगेत उतरलेली दिसली, तर पेटीची कथा संपली. आणि रेघेत मधोमध खाच असेल, शाईचे गोळे अधूनमधून साचलेले असतील, तर ती बॉलपेनाची रेघ आहे. ते लेखनसाधन १९३८ साली आपल्याकडे कोणाच्या खिशात नव्हते.

दुसऱ्या प्रकारात डोळ्यांना न दिसणारा, जांभळ्याच्याही पलीकडचा उजेड घ्यावयाचा. त्याला अतिनील किंवा जुन्या पुस्तकांत जंबुपार किरण म्हणतात. रिटर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८०१ साली शोधले. हे किरण स्वतः दिसत नाहीत, परंतु काही पदार्थांवर पडले की ते पदार्थ दिसणाऱ्या रंगात उजळतात. १९५० च्या सुमारापासून कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून कारखान्यांत त्यात एक प्रकारचे उजळक द्रव्य मिसळण्याची चाल पडली. असा कागद अंधाऱ्या खोलीत या किरणांखाली धरला की चांदण्यासारखा निळसर पांढरा चमकतो. त्यापूर्वीचा कागद मंद, काळपट राहतो. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला नवा कागद डोळ्यांना फसवील, या दिव्याला बहुधा फसवू शकणार नाही.

पण, श्रोतेहो, येथे घाई करू नये. धुण्याच्या पावडरीतही हेच उजळक द्रव्य असते. खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली अस्सल नोट या दिव्याखाली बनावट नोटेसारखी चमकते. आणि आपल्या कोल्हापूरच्या बाबतीत एक विशेष गोष्ट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या साली पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. पेट्या, कपाटे भिजली आणि कपडे, वह्या, दस्तऐवज एकाच पाण्यात तरंगले. अशा घरातील जुना कागद जर चमकला, तर परीक्षकाने आधी पुराची चौकशी करावी आणि मग लेखणी उचलावी. उलट, पुराने धुतल्या गेलेल्या जुन्या लेखाला हाच दिवा साहाय्यही करतो. हिराकस घालून केलेल्या जुन्या शाईचा रंग उडून गेला तरी तिचे अवशेष तंतूंत राहतात. ते किरण शोषून घेतात आणि उजळलेल्या कागदावर पुसले गेलेले अक्षर काळे होऊन वाचता येते. कागद खोटा पाडणाराच दिवा गेलेला कागद परत आणतो.

तिसरा प्रकार तांबड्याच्या अलीकडचा, म्हणजे अवरक्त किरणांचा. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली सूर्याच्या वर्णपटात उष्णतामापक ठेवताना ते ओळखले. या किरणांत शायांचे रंग नाहीसे होतात व त्यांची जात उरते. दोन शाया डोळ्यांना अगदी सारख्या निळ्या-काळ्या दिसोत, त्यांची घडण निराळी असेल तर अवरक्त उजेडात एक काळीच राहते व दुसरी काचेसारखी पारदर्शक होऊन अदृश्य होते. काजळाची शाई, छापखान्याची काळी शाई आणि लेझर यंत्राची काळी भुकटी यांत कोळशाचा अंश असतो, म्हणून त्या काळ्या राहतात. बॉलपेनाच्या पुष्कळ शाया उडून जातात. आता एखाद्या पावतीवर १०० चे १००० कोणी केले असतील असे समजा. डोळ्यांना चारही अंक एका हाताचे व एका शाईचे वाटतात. अवरक्त किरणांखाली तीन अंक नाहीसे होतात आणि शेवटचे शून्य एकटेच कागदावर उभे राहते. न्यायालयात असे छायाचित्र दाखविल्यावर फारसे बोलावे लागत नाही. आज हे सर्व प्रकारचे उजेड, गाळण्या व कॅमेरा एकाच पेटीत बसविलेले यंत्र प्रयोगशाळांत असते. त्याला व्हिडिओ स्पेक्ट्रल कम्पॅरेटर म्हणतात. आपल्याकडच्या रामन यांनी १९२८ साली प्रकाशाच्या विखुरण्याचा जो परिणाम शोधून काढला, त्याचाही उपयोग आता शाईतील द्रव्ये कागदाला न दुखविता ओळखण्यासाठी होतो.

याच किरणांविषयी एक इशारा द्यावयाचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन शाया निराळ्या वागल्या तर त्या निराळ्या आहेत हे निश्चित. पण त्या सारख्या वागल्या तर त्या एकच आहेत असे म्हणता येत नाही. एकाच कारखान्याची शाई लाखो लेखण्यांत असते. भेद सिद्ध होतो, ऐक्य सिद्ध होत नाही. वकीलवर्ग कित्येकदा हे उलटे मांडतो आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटते.

आता एका अशा कागदाकडे येऊ, की ज्याचे दुःख आपल्या खेड्यापाड्यांत फार आहे. अडचणीत सापडलेला मनुष्य सावकाराकडे जातो. सावकार त्याची सही कोऱ्या कागदावर घेतो. पुढे त्या सहीच्या वर खरेदीखताचा मजकूर छापला जातो. सही खरी, कागद खरा, स्टँप खरा, आणि तरी दस्तऐवज खोटा! हस्ताक्षरतज्ज्ञ सांगणार, की सही याच माणसाची आहे, आणि ते सत्यच असणार. अशा माणसाला वाचविणारी वस्तू म्हणजे क्रम. आधी सही झाली की आधी छपाई? जेथे सहीची रेघ छापील अक्षराला छेदून जाते, तेथे सूक्ष्मदर्शकाखाली तिरप्या उजेडात कोणता थर वर आहे हे पाहावयाचे. वितळलेल्या भुकटीची चकाकी शाईच्या रेघेवरून अखंड गेलेली दिसली, तर छपाई नंतरची. सही व मजकूर एकमेकांना कोठेच शिवत नसले तरीही आशा सोडू नये. लेझर यंत्र पानभर भुकटीचे चुकार कण सांडते असे मी मघाशी म्हणालो. त्यांतील काही कण सहीच्या रेघेवर पडतात. ते शाईच्या वर बसलेले असतील तर कागद सहीनंतर यंत्रातून गेला. एक कण, धुळीएवढा, आणि त्यावर एका शेतकऱ्याची जमीन अवलंबून! ही परीक्षा सोपी नाही. पुष्कळदा शाई भुकटीवरून घसरते, थर एकमेकांत मिसळतात आणि प्रामाणिक परीक्षकाला ‘निश्चित सांगता येत नाही’ असा अभिप्राय द्यावा लागतो. तो अभिप्राय म्हणजे अपयश आहे असे समजणाऱ्यांनी या विषयात पडू नये.

ही झाली एकेकट्या कागदाची गोष्ट. एक प्रकरण असेही झाले की ज्यात कागद हजारांनी होते. मुद्रांकासाठी आपण पूर्वी लंडनच्या डी ला रू कंपनीवर अवलंबून होतो. १९२५ मध्ये नाशिकला सरकारी प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले व हे काम येथे होऊ लागले. नोटांची छपाई तेथे १९२८ पासून. नाशिकच्या छपाईचा लौकिक असा की तिच्याकडे कोणी भिंग लावून पाहत नसे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगी याने नेमका याच विश्वासाचा फायदा घेतला. १९९४ साली त्याने मुद्रांकविक्रीचा परवाना मिळविला आणि नाशिकच्या मुद्रणालयातून मोडीत निघालेली यंत्रे मिळवून मुंबईत बनावट मुद्रांक छापले, असे तपासात पुढे आले. २००१ साली त्याला अजमेरला अटक झाली. २००७ च्या जून महिन्यात पुण्याच्या न्यायालयाने त्याला तेरा वर्षांची सक्तमजुरी व दोनशे दोन कोटी रुपयांचा दंड सुनावला. २०१७ साली तो बंगळूर येथे मरण पावला.

प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणाचा धडा विलक्षण आहे. भिंग जे पाहते ती छपाईची रीत असते. यंत्रच सरकारी जातीचे असेल तर रीत तीच येणार. रेषा अखंड, ठिपके नाहीत, शाईचा थर योग्य. अशा वेळी कागदाचा पोत, त्याचे जलचिन्ह, अतिनील किरणांखाली त्याचे वागणे आणि शाईतील द्रव्ये यांना विचारावे लागते. शेवटी अनुक्रमांक घेऊन सरकारी नोंदवहीकडे जावे लागते. तेथे तो कागद त्या दिवशी त्या विक्रेत्याला दिला होता की नाही, हा प्रश्न कोणताही किरण सोडवीत नाही, तो कारकुनाच्या वहीनेच सुटतो. या घोटाळ्यानंतर मुद्रांकशुल्क संगणकीय नोंदीतून भरण्याची व्यवस्था देशभर वाढत गेली, ती याच अनुभवातून. तथापि जुने कागद घराघरांत आहेतच, आणि खटले जुन्याच कागदांवर चालतात.

जुन्या कागदाच्या बाबतीत डोळ्यांइतकेच वाचनही कामास येते. भिंग खाली ठेवून मजकूर वाचावा. १९३८ च्या छापील नमुन्यावर ‘जिल्हा कोल्हापूर’ असे असेल, तर विचारावे की हा जिल्हा आला कोठून? तेव्हा येथे राजाराम महाराजांचे संस्थान होते. संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. लेखनात अनुच्चारित अनुस्वार एकही नसेल, तर १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम छापणाऱ्याला आधीच कसे कळले, असा प्रश्न पडतो. हा शेवटचा पुरावा दुबळा आहे. पूर्वीही निष्काळजी जुळारी अनुस्वार गाळीत असत. परंतु तीन दुबळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले की पाहणाऱ्याने तिकडे पाहावे.

आणि हे सर्व पाहून परीक्षकाने दिलेले मत म्हणजे निकाल नव्हे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ४५ व्या कलमात तज्ज्ञाच्या मताला जागा दिली होती. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ती ३९ व्या कलमात आली. तज्ज्ञाच्या मताला दुसऱ्या पुराव्याचा टेकू हवाच असा नियम नाही, मात्र ते सावधपणे व त्यामागील कारणे तपासून स्वीकारावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली मुरारीलाल खटल्यात म्हटले. यातील ‘कारणे’ हा शब्द मोलाचा आहे. फ्रान्समध्ये १८९४ साली ड्रायफस नावाच्या लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा आरोप आला तेव्हा बेर्तियों या नामांकित तज्ज्ञाने एक चिठ्ठी त्याचीच असल्याचे सांगितले. चिठ्ठी त्याच्या अक्षराशी जेथे जुळेना, तेथे त्याने स्वतःचेच अक्षर मुद्दाम बदलले, असा तर्क बेर्तियोंने लढविला. निर्दोष ड्रायफस सैतानबेटावर गेला व त्याची पूर्ण मुक्तता व्हावयास १९०६ साल उजाडले. जो सिद्धांत जुळण्यानेही सिद्ध होतो व न जुळण्यानेही सिद्ध होतो, त्याला परीक्षा म्हणत नाहीत. प्रकाशाच्या रीतींचा मोठा गुण हा, की त्यांचे छायाचित्र निघते, प्रतिपक्षाचा तज्ज्ञ तेच पाहू शकतो आणि न्यायाधीशालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

जाता जाता घरातील कागदांविषयी चार गोष्टी. जुने दस्तऐवज टिकावेत म्हणून पुष्कळ गृहस्थ ते प्लॅस्टिकच्या आवरणात कायमचे सीलबंद करून घेतात. चकचकीत कागद पाहून घरधन्याला समाधान वाटते, पण त्या आवरणाखाली शाईचा थर, घडीची भेग, तिरपा उजेड, अतिनील किरण यांपैकी बहुतेक परीक्षा अशक्य किंवा अवघड होतात. तसे करू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो. टाचण्या व छिद्रे टाळावीत. पुरात भिजलेला कागद इस्त्रीने किंवा उन्हात वाळवू नये, टीपकागदात ठेवून सावलीत सुकू द्यावा. खटल्यात झेरॉक्स प्रत परीक्षेसाठी देऊन काही लाभ होत नाही, कारण तिच्यावर कागदही नवा, शाईही नवी, आणि उठावही गेलेला. मूळ कागदच द्यावा लागतो, आणि तो देताना न्यायालयामार्फत, नोंद करून द्यावा. तो साध्या कागदी पाकिटात, नवी घडी न घालता ठेवावा. पाकिटावर पत्ता आधी लिहावा आणि दस्तऐवज मग आत घालावा. कागद आत असताना वर लिहिले तर लेखणीचा दाब खाली उमटतो, आणि तिरप्या उजेडात परीक्षकाला १९३८ च्या खरेदीखतावर आपल्याच वकिलाचा पत्ता वाचावयास मिळतो.